मदत हवी आहे: कोल्हापुरात स्वतःची गाणी करणाऱ्यांचा गोतावळा कसा जमवायचा?

पांढरी_चार

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राहतो. मराठी गाणी लिहितो, चाली लावतो आणि गिटारवर गातो. शहरात वाजवणाऱ्यांची वानवा नाही. ऑर्केस्ट्रा आहेत, पेठांमधून भजनी मंडळं आहेत, देवल क्लब ही जुनी संगीत संस्था आहे, विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. पण जो तो आपापल्या जागी वाजवतो. तबलजी भेटतो तो कार्यक्रमापुरता, पाकीट घेतो आणि पुढच्या सुपारीला जातो.

मला भाड्याचे साथीदार नकोत. महिन्यातून एकदा एकत्र बसून एकमेकांची नवी गाणी वाजवणारी आठ-दहा माणसं हवी आहेत, ज्यांच्याशी पुढे मैत्रीही होईल. अडतंय ते असं: अशी माणसं गाठायची कुठे? जागा कुठली घ्यायची, परवानगी लागते का? गिटार आणि पेटी-तबला एकत्र आले की सूर बेसूर वाटतो, त्याला काय करायचं? आणि पैशावरून किंवा ‘गाणं कुणाचं’ यावरून पुढे वाकडं येऊ नये म्हणून आधी काय ठरवून ठेवायचं?

---

खर्ज

माणसं गाठण्यापुरतं सांगतो. तुमची गाणी घेऊन कुणाकडे जाऊ नका, तुमची साथ घेऊन जा. कलाकार मंडळींना ‘माझं गाणं ऐका’ असं म्हणणारे रोज भेटतात. ‘तुमच्या गाण्यावर मी वाजवू का?’ असं विचारणारा क्वचित येतो, आणि तोच लक्षात राहतो.

सुरुवात भजनी मंडळापासून करा. एकादशीला किंवा गुरुवारी बहुतेक पेठांत भजन असतं आणि तिथे कुणी दार लावून घेत नाही. पहिल्या दोन वेळा गिटार नेऊच नका. मागे बसा, टाळ धरा, धृपद उचला. तिथला पखवाजवाला भजनी ठेक्यात ज्या सहजतेने लग्गी (ठेक्यातले जलद, फिरते बोल) लावतो, ती तुमच्या गाण्यात आली तर गाणं कुठल्या कुठे जाईल. आपल्या जिल्ह्यात सोंगी भजनाची (सोंगं घेऊन केलेल्या भजनाची) मंडळं आहेत, त्यांच्यात गाणारे, वाजवणारे आणि ऐन वेळी शब्द जुळवणारे एकाच ठिकाणी सापडतात. नवीन गाणी करणाऱ्याला यापेक्षा चांगली संगत मिळणार नाही.

दुसरी जागा म्हणजे मैफलीतला श्रोतृवर्ग. गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे. तिथे मैफल ऐकायला येणाऱ्यांत निम्मे शिकणारे असतात. मध्यंतरात चहाला बोला, नंबर घ्या. मिरजेला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी संगीत सभा होते, तीही चुकवू नका. तिथे तंतुवाद्य बनवणारेही ऐकायला असतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच कारागिरांमुळे. कुठल्या गावात कोण नवखा पण गोड वाजवतो हे वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला सगळ्यांच्या आधी कळतं. तबल्याची पुडी (वरचं कातडं) बदलायला किंवा पेटीचा भाता दाखवायला जाल तेव्हा अर्धा तास हातात ठेवून जा.

ऑर्केस्ट्रातल्या मंडळींना वेळ बघून विचारा. लग्नसराईत त्यांचे शनिवार-रविवार भरलेले असतात, गणपती-नवरात्रात तर विचारूच नका. आषाढीपासून गणपतीपर्यंत लग्नं नसतात, तेव्हा ते मोकळे असतात. पहिली बैठक तेव्हाच ठेवा, आणि रविवारऐवजी मंगळवार-बुधवारची संध्याकाळ धरलीत तर पुढे सीझनमध्येही ती टिकेल.

---

तिहाई

सुराचं मी सांगते. अशा बैठका मोडण्याचं हे मोठं कारण असतं आणि त्यावर कुणी बोलत नाही. पहिल्या दिवशी वाद्यं जुळली नाहीत तर प्रत्येकाला वाटतं की समोरचा कच्चा आहे. मग पुढच्या वेळी कुणाला तरी ‘काम निघतं’.

बैठकीत एकच वाद्य जागेवर जुळवता येत नाही, ते म्हणजे पेटी. तिचे स्वर घासून लावलेले असतात. म्हणून बाकीच्यांनी पेटीला जुळवायचं. गिटारवाले मोबाईलवर ४४० हर्ट्झला ट्यूनर लावून घरूनच जुळवून येतात आणि जुनी पेटी तिथे नसते. उपाय साधा आहे. सगळे आल्यावर पेटीवाल्याला मधल्या सप्तकातली पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी) धरून ठेवायला सांगा आणि ट्यूनर समोर धरा. काटा १२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर गेला तर ट्यूनरच्या सेटिंगमध्ये ४४० चे ४४३ करा, काटा मध्यावर येईल. मग सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर तोच आकडा ठेवायचा. कीबोर्डलाही ‘मास्टर ट्यून’ असतं, तिथेही तेवढंच. पाच मिनिटांचं काम आहे. दोन पेट्या आल्या तर एक सरळ बंद ठेवा.

आता पट्टी, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर धरायचा ते. गिटारवाल्याला ‘काळी चार’ म्हटलं की तो गोंधळतो, आणि पेटीवाल्याला ‘जी शार्प’ म्हटलं की तो. हे कागदावर लिहून भिंतीवर लावा: काळी एक म्हणजे सी-चा आकार (कॉर्डची बोटं) आणि कॅपो (गिटारच्या दांड्यावर लावायचा चिमटा) पहिल्या घरात. पांढरी चार म्हणजे डी-चा आकार, कॅपो तिसऱ्या घरात. काळी तीन, पुन्हा डी-चाच आकार, कॅपो चौथ्यात. काळी चार म्हणजे जी-चा आकार, कॅपो पहिल्यात. काळी पाच, जी-चा आकार, कॅपो तिसऱ्यात. कॅपो लावल्यावर तारा थोड्या चढतात, तेव्हा लावून झाल्यावर पुन्हा एकदा जुळवायचं.

तबलजीने काळी एकचा, साधारण साडेपाच इंची तोंडाचा, तबला आणला की अर्धी बैठक निभते. पुरुष काळी एकमध्ये गात असेल तर तबला षड्जाला (सा). बाई काळी चारमध्ये गात असेल तर तोच तबला तिचा मध्यम (म) होतो, हात लावायची गरज नाही. चालीत शुद्ध मध्यम वर्ज्य (न लागणारा) असेल किंवा तीव्र मध्यम ठळक असेल तर मात्र खटकेल, तेव्हा दुसरा तबला हवा. एकाच तबल्याला सगळ्या पट्ट्यांत ओढू नका. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) ठोकून आणि गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) सरकवून अर्धा-एक सूर मिळतो, त्यापुढे पुडी फाटते आणि तिचा खर्च बिचाऱ्या तबलजीच्या बोकांडी बसतो.

पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि तबला उतरतो. वाद्यं अर्धा तास आधी त्याच खोलीत गवसणीबाहेर काढून ठेवायची आणि मग जुळवायची. आल्या आल्या जुळवलेला तबला दुसऱ्या गाण्याला पडतो.

---

रंकाळा_वारा

जागा आणि आवाज.

वीस-पंचवीस माणसांपर्यंत स्पीकर लावूच नका. साध्या फरशीच्या खोलीत पेटी, तबला, गिटार आणि उघडा गळा पुरतो. उलट तबलजीलाच हळू वाजवावं लागतं, आणि हळू वाजवताना माणसं एकमेकांचं ऐकायला लागतात. शिवाय परवानगीचा प्रश्न मिटतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बंदिस्त सभागृहात आतल्या आत वापरायला रात्रीची सूट आहे, पण सोसायटीच्या टेरेसला ती लागू होत नाही.

जागेसाठी नृत्याचे आणि गाण्याचे खासगी क्लास बघा. त्यांच्या खोल्या मधल्या वारी रात्री ८ नंतर रिकाम्या असतात, खाली सतरंजी असते, आणि शेजाऱ्यांना आवाजाची सवय असते. ग्रंथालयांची छोटी सभागृहंही विचारा. शाहू स्मारक भवन वगैरे पहिल्या वर्षी नको. मोठी जागा घेतली की श्रोते जमवावे लागतात आणि बैठकीचा कार्यक्रम होतो.

स्पीकर लावायचाच झाला तर ८ किंवा १० इंची एकच पुरे, आणि तो गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. मागे ठेवला की माइक त्याचाच आवाज परत उचलतो आणि शिट्टी येते. मग लोक आवाज कमी करतात, गायक ओरडतो, आणि सगळंच बिघडतं. गिटार लावल्यावर घूं असा आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, मग बोर्डाला अर्थिंग आहे का ते तपासा.

वेळ अशी धरा: सहा जण, प्रत्येकी १५ मिनिटं म्हणजे दीड तास. मधल्या अदलाबदलीला पाच-पाच मिनिटं, चहाला वीस. सव्वादोन तास होतात. यात सातवा घुसवला की शेवटच्याला ऐकायला कुणी उरत नाही. आणि एक नियम कडक ठेवा: ज्याला आपलं गाणं गायचंय त्याने त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी गाण्यात काहीतरी वाजवायचं. काहीच येत नसेल तर टाळ्यांनी ठेका धरायचा. गाऊन झालं की निघून जाणाऱ्यांचा त्रास याने संपतो.

---

मात्रा_सोळा

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण महिन्यातून एक बैठक पुरणार नाही. आठ जणांत ओळख होते, मैत्री दोघा-तिघांत होते. बैठक संपताना पुढच्या महिन्याच्या जोड्या लावा: गीतकार आणि चाल लावणारा, गिटार आणि पखवाज, असं. जोडीने मधल्या काळात एकदा कुणाच्या तरी घरी दोन तास बसायचं आणि पुढच्या बैठकीला एक गाणं आणायचं. अर्धवट असलं तरी चालेल, मुखडा आणि एक अंतरा पुरे. जोडी दर महिन्याला बदलायची, नाहीतर दोन-तीन टोळकी होतात आणि नवीन माणूस बाहेर राहतो.

कराओके ट्रॅकवर गाणाऱ्यांना प्रेमाने सांगा की इथे ट्रॅक नाही. ट्रॅक वाजला की चार वादक हात बांधून बसतात.

व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप करा. एकात फक्त ॲडमिन लिहील: तारीख, जागा, गाण्यांची यादी. दुसरा गप्पांचा. एकच ठेवलात तर शुभ सकाळच्या फुलांखाली तारीख गाडली जाते.

---

दस्तऐवज

हक्क आणि पैसे यांवर लिहितो. मैत्री आहे म्हणून कागद नको, असं म्हणू नका. मैत्री टिकावी म्हणूनच कागद हवा.

नवीन गाणं दोघांनी केलं की त्याच दिवशी एका पानावर लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, तारीख, सह्या. फोटो काढून दोघांनी ठेवायचा. तबलजीने ठेका सुचवला म्हणून तो चालीचा मालक होत नाही, पण अंतऱ्याची चालच त्याने बदलली असेल तर त्याचा वाटा लिहा. त्या क्षणी सगळे खुशीत असतात, दोन मिनिटांत होतं. गाणं चाललं की हेच काम दोन वर्षांत होत नाही. पुढे गाणी प्रसारित व्हायला लागली तर गीतकार आणि संगीतकार दोघांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्या. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीचा हक्क शब्द आणि चाल करणाऱ्यांकडे राहतो, तो कराराने कुणाला सोडून देता येत नाही.

कुणाच्या कविता चालीत बांधणार असाल तर कवीच्या निधनानंतर ६० वर्षं मोजा. संतांचे अभंग, बालकवी (निधन १९१८), भा. रा. तांबे (१९४१) यांचे शब्द मोकळे आहेत. कुसुमाग्रज (१९९९) नाहीत. शब्द मोकळे असले तरी त्यांची प्रसिद्ध झालेली चाल मोकळी असेलच असं नाही, चाल तुमची हवी. दुसऱ्यांची गाणी हौशी मंडळाने फुकट श्रोत्यांपुढे गायली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलंत की परवाने बघावे लागतील.

बैठकीत मोबाईलवर चित्रीकरण झालं तर वाजवणाऱ्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय ते टाकायचं नाही. कलावंतालाही कायद्याने हक्क आहे, आणि अर्धवट गाणं बाहेर गेलं की माणूस पुढच्या वेळी नवीन काही आणत नाही.

पैशाचं: एक डबा ठेवा, स्वखुशीने. समजा २,६०० जमले. खोलीचे १,२००, चहाचे २००. उरलेल्या १,२०० मधून आधी लांबून वाद्य घेऊन आलेल्यांचं जाणं-येणं. गडहिंग्लज आणि जयसिंगपूरच्या दोघांना १५०-१५० दिले तर ९०० राहतात, ते पुड्या-तारांच्या खर्चाला. हिशेब त्याच रात्री ग्रुपवर टाकायचा. डब्याजवळ बसणारा आणि हिशेब लिहिणारा वेगळा असू दे. संस्था नोंदवायची घाई नको. त्याला किमान सात सभासद, घटना, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचा हिशेब, एवढं लागतं. आधी वर्षभर बैठक चालू दे.

---

पांढरी_चार

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. निरोपाचा मसुदा केलाय, बघा:

‘नवीन मराठी गाण्यांची बैठक. बुधवार, रात्री ८ ते १०.१५. सर्व कलाकारांचं स्वागत. आपलं एक नवीन गाणं घेऊन यावं. माइक नाही, ट्रॅक नाही.’

---

तिहाई

‘सर्व कलाकारांचं स्वागत’ काढा, त्याने कुणालाच बोलावल्यासारखं वाटत नाही. त्याजागी काय कमी आहे ते लिहा: ‘पखवाज किंवा ढोलकी वाजवणारा एक आणि बासरीवाला एक हवा आहे.’ वाचणाऱ्याला लगेच कुणाचं तरी नाव आठवतं आणि तो निरोप पुढे पाठवतो. खाली प्रत्येक गाण्याची एक ओळ द्या, म्हणजे ‘पट्टी काळी एक, केहरवा ताल, लय ९२ (मिनिटाला ठोके), मुखडा आणि दोन अंतरे’ अशी. सोबत मोबाईलवर गुणगुणलेली चाल, मिनिटभराची. तबलजी घरून योग्य तबला घेऊन निघेल. आणि ‘पेटी जागेवर आहे, ४४३’ हेही लिहा, गिटारवाले येतानाच जुळवून येतील.

---

खर्ज

आणि तो निरोप ग्रुपवर टाकण्याआधी पाच जणांना फोन करा. एकेकाला, नाव घेऊन.