ड्यूटीवर गमावलेला दोस्त: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती:
16 डिसेंबरला, 1971 च्या विजय दिनी, पुण्यातल्या घोरपडीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर दरवर्षी पुष्पचक्र वाहिलं जातं. स्मारक लोकवर्गणीतून उभं राहिलेलं, 15 ऑगस्ट 1998 ला खुलं झालं. कार्यक्रमाला वीरपत्नी आणि वीरमाता पुढच्या रांगेत असतात, तो त्यांचा मानच आहे. मागे मात्र कोटावर मेडल्स लावून काही पुरुष एकेकटे उभे असतात, कुणाशी फारसं बोलत नाहीत. माझे बाबा त्यातलेच. त्यांचा दोस्त गेला तेव्हा तिरंगा वहिनींच्या हातात दिला गेला आणि बाबांना त्याच रात्रीची गार्ड ड्यूटी होती. सांत्वनाला त्यांच्याकडे कोण येणार? ते ना भाऊ, ना सोयरे.

म्हणून हा धागा. कोर्समेट, पलटणीतला सोबती, बराकीतला शेजारी, वॉर्डातला पेशंट, कुणाबद्दलही लिहा. घरच्यांना विचारल्याशिवाय नाव लिहू नका, ठिकाण मोघम ठेवा. राजकारणासाठी इतर जागा मुबलक आहेत.

खडकीचा सॅपर:
ताई, मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे फौजेतल्या इंजिनियर लोकांतला, हवालदार म्हणून रिटायर. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. 2001 चा डिसेंबर. आख्खी फौज सीमेवर, आम्ही राजस्थानात सुरुंग पेरत होतो. लढाई काही झाली नाही. मग पेरलेलं सगळं काढायचं. पेरणं परवडलं, काढणं नको. वाळू सरकते, नकाशात खूण एकीकडे आणि सुरुंग दुसरीकडे. माझा सोबती जुन्नरकडचा, असाच काढताना गेला. गोळी नाही, दुश्मन नाही. पेपरात आतल्या पानावर चार ओळी.

जवान गेला की युनिटमध्ये कमिटी बसते, त्याच्या सामानाची यादी करायला. सरकारी सामान स्टोअरला जातं, खाजगी घरी. आम्ही एकाच तंबूत, म्हणून त्याचं काय आणि माझं काय हे ओळखायला मला बसवलं. साहेब बोलत होते, क्लार्क लिहीत होता. मच्छरदाणी एक, सरकारी. बनियन चार, खाजगी. दाढीचा ब्रश एक. विठोबाचा फोटो एक. मग रुमालात गुंडाळलेला मातीचा उंट निघाला. पोराच्या दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायला घेतला होता. मी त्याला म्हणालोही होतो, अरे महाराजांच्या किल्ल्यावर उंट कशाला? तर म्हणे, पाहुणा आलाय समज. क्लार्कनं विचारलं, काय लिहू? साहेब म्हणाले, "खेळणे, मातीचे, एक. एक पाय मोडका." मोडका हे लिहावंच लागतं, नाहीतर घरचे म्हणतील फौजेनं मोडला.

शवपेटीबरोबर मलाच पाठवलं. शोकशस्त्र झालं, बिगुलावर लास्ट पोस्ट वाजलं, पुढारी आले आणि गेले. ट्रंकेची किल्ली मी त्याच्या वडिलांना दिली. 'सामान बरोबर मिळाले' यावर त्यांची सही घेतली. म्हाताऱ्यानं यादी पूर्ण वाचून मगच सही केली, ते मला फार आवडलं.

परत गेलो तो त्याच पट्ट्यात कामाला. साहेबांनी विचारलं, जमेल? म्हटलं जमेल. हात थरथरला तर सुरुंग निघत नाही, त्यामुळे थरथरायचं राहूनच गेलं. रडू फुटलं ते पेन्शनवर आल्यावर, दिवाळीच्या तोंडावर, मातीचे मावळे विकणाऱ्या बाईसमोर. तिला वाटलं भाव जास्त सांगितला. तिनं पाच रुपये कमी केले.

जुना कॅडेट:
सॅपर साहेब, सलाम.

आमचा कोर्स दर काही वर्षांनी खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जमतो. पोरं वजनानं वाढलीत, केस गेलेत, पण सुदान ब्लॉक, तिथली मुख्य इमारत, दिसला की पाठ आपोआप ताठ होते. पहिलं काम हट ऑफ रिमेम्बरन्सला जाण्याचं. तिथे प्रबोधिनीतून निघालेल्या आणि सेवेत बळी गेलेल्यांची नावं आहेत. परेड ग्राउंडला अरुण खेत्रपालांचं नाव आहे, ते पुण्यात जन्मलेले, 1971 च्या बसंतरच्या लढाईत 21 व्या वर्षी गेले, परमवीर चक्र. ते नाव प्रत्येक कॅडेटला पाठ असतं.

माझा दोस्त हेलिकॉप्टर अपघातात गेला. सियाचिनकडे रसद पोचवून परतताना. शत्रू हवामान होतं, त्यामुळे चौकाला नाव वगैरे काही नाही. माझी तक्रार तीही नाही. तक्रार अशी की लोक विचारतात, "लढाईत का?" आणि मी "अपघातात" म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा सैल पडतो. वीस हजार फुटांवर, जिथे पात्यांना धरायला हवाच पुरत नाही, तिथे रॉकेल आणि पिठाच्या गोणी उतरवणं ही लढाई नसेल तर मग काय असतं?

तो पोहायला भयंकर घाबरायचा. दहा मीटर उंचीवरून पाण्यात उडी मारायची होती तेव्हा मीच मागून ढकलला त्याला. पुढे पायलट झाला लेकाचा.

सिस्टर:
मी खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरच्या पेशंटांसोबत बरीच वर्षं काढली. 1974 पासूनची संस्था. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालची किंवा मानेखालची हालचाल गेलेले जवान तिथे राहतात, काही जण कायमचे. कुणी व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतो, कुणी तोंडात ब्रश धरून चित्रं काढतो.

मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण तिथे नेहमी निघतं. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेले, 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, भारताचं पहिलं. गोष्ट खरीच थोर आहे. पण नव्या पेशंटला पहिल्याच आठवड्यात सांगू नये असं माझं मत. त्याला तेव्हा पदक नको असतं, पाय हवे असतात.

एक जण सांगलीकडचा होता, जिभेला हाड नाही. पंधरा ऑगस्टला पाहुणे आले की म्हणायचा, "मी अर्धाच शहीद झालोय, त्यामुळे रस्ता नको, एखाद्या बोळाला नाव दिलं तरी चालेल." पाहुण्यांना हसावं की नाही कळायचं नाही. तो किडनीच्या दुखण्यानं गेला. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा, ज्याच्याशी तो रोज रेडिओच्या आवाजावरून भांडायचा, त्यानं त्या रात्री रेडिओ मोठ्यानं लावला आणि आम्ही कुणीच बंद करायला सांगितलं नाही.

कर्वेनगरकर:
थोडक्यात. रोज सकाळी आमचा कट्टा "ताथवडे"त भरतो. शहीद मेजर ताथवडे उद्यान, पण पूर्ण नाव कोण घेतो? मेजर प्रदीप ताथवडे काश्मीरमध्ये 2000 साली गेले, हे कट्ट्यावरच्या निम्म्यांना माहीत नव्हतं. आता आहे, कारण एक रिटायर्ड सुभेदार रोज गेटवर एकाला तरी थांबवून विचारतात. टाळायला लोक मागच्या बाजूनं येतात तो भाग वेगळा.

पेठेतला कार्यकर्ता:
मंडळाच्या वतीनं एक किस्सा. एका वर्षी आरतीला वीरमातेला बोलवा असं ठरलं. आजी वेळेवर आल्या. नगरसेवक दोन तास उशिरा. आजी प्लॅस्टिकच्या खुर्चीत, स्पीकरच्या भिंतीशेजारी. शाल, श्रीफळ, मोमेंटो, फोटो, आणि निवेदकानं मुलाची पलटणच चुकीची सांगितली. आजींनी माइक मागून घेतला आणि दुरुस्त केली. नाव नाही, पलटण! टाळ्या त्यालाच पडल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पोहे केले आणि मुलगा दहावीत गणितात कसा काठावर पास झाला ते तासभर सांगितलं. म्हणाल्या, स्टेजवर तो फक्त शूर असतो रे, गाढवपणा कुणी विचारतच नाही.

एक पत्नी:
वरचं वाचून लिहिते आहे. मला यांच्या मित्रांचे फोन येतात. एक जण 26 जुलैला, कारगिल विजय दिनाला, मुद्दाम करत नाही, म्हणतो त्या दिवशी वहिनी बिझी असतात. ऑगस्टात कधीतरी करतो आणि विचारतो, गॅस आला का, पोरीच्या क्लासचं काय झालं.

पूर्वी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बँकेत गेलं की काउंटरवरून मोठ्यानं विचारायचे, "पुनर्विवाह केला नाहीये ना?" आख्खी रांग वळून बघायची. एकदा यांचा मित्र सोबत होता. तो शांतपणे म्हणाला, "जरा हळू विचारा, नाहीतर मी लेफ्ट-राइटच्या आवाजात उत्तर देतो." त्यानंतर आतल्या टेबलावर बसवतात. चहाही देतात, तो मात्र वाईट असतो.

आणि कृपा करून "एवढी ताकद कुठून आणता" असं विचारू नका. आणत नाही.

वानवडीचा म्हातारा:
नातवाकडून टाइप करून घेतोय. 1971, शकरगड सेक्टर, बसंतरच्या आसपास. सुरुंगावर डावा पाय गेला. पठाणकोट, मग पुणे कमांड हॉस्पिटल, मग शेजारीच आर्टिफिशियल लिंब सेंटर. 1944 चं सेंटर, त्यांनी मला लाकडी पायावर उभं केलं. फौजेत राहायला ते पुरलं नाही, शेतीला पुरलं.

माझा जोडीदार दुसऱ्या कंपनीत. हॉस्पिटलातून मी त्याला पत्रं टाकायचो: 56 एपीओ, म्हणजे फौजी पोस्टाचा पत्ता, खाली कंपनीचं नाव. पाय गेला, पण तुझे वीस रुपये देणं आहे ते चालत येऊन देईन, असं लिहिलेलं आठवतं. उत्तर नाही. मला वाटलं लेकाचा रागावलाय. मग माझीच पत्रं परत आली, गठ्ठ्यानं, सुतळी बांधून. वॉर्डबॉयनं उशाशी ठेवली आणि काही न बोलता गेला. माझा पाय गेला त्याच्या आधीच तो गेला होता.

खडकीचा सॅपर:
काका, त्यांच्या घरचा पत्ता नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येईल. मी सोबत येतो.

वानवडीचा म्हातारा:
पत्ता आहे की. अपशिंगे मिलिटरी, साताऱ्याजवळ. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले होते, चावडीवर दगड आहे. पाय बसल्यावर पहिली एसटी तिकडचीच धरली. वीस रुपये आईच्या हातावर ठेवले तर तिनं मोजून पाच परत दिले, म्हणाली, तो पंधराच सांगत होता. आमचा तो वाद अजून मिटलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पुतण्याच्या नातवाचं बारसं होतं तेव्हाही निघाला. वीसच होते.