मदत हवी आहे : मरळ माशातल्या फ्ल्यूकची (चपट्या परजीवी कृमीची) कातडी एसईएमखाली (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) सुरकुततेय

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी.ला आहे, विषय प्राणिशास्त्र. प्रोजेक्टसाठी कुर्ल्याच्या बाजारातून जिवंत मरळ आणते. तिच्या मांसात पिवळट गाठी सापडतात. सुईने गाठ फोडली की आतून क्लिनोस्टोमम जातीच्या फ्ल्यूकची अळी बाहेर येते आणि सलाइनमध्ये चक्क हातपाय ताणल्यासारखी लांब होते. पाहत बसावंसं वाटतं! (हीच अळी बगळ्याच्या घशात गेली की प्रौढ होते.)

मला हवंय ते तिच्या टेग्युमेंटचं (बाहेरच्या आवरणाचं) चित्र : चूषकाभोवतीच्या (चिकटून राहायच्या अवयवाभोवतीच्या) संवेदी गाठी, घड्या, काटे असतील तर तेही. पण फोटोत सगळं मनुक्यासारखं आक्रसलेलं, वर शेवाळल्यासारखा चिकट थर.

०.७ टक्के सलाइनमध्ये दोनदा धुते, २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइड या फिक्सेटिव्हमध्ये (ऊती आहेत तशा टिकवणाऱ्या रसायनात) रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते, मग पाणी काढायला अल्कोहोलच्या वाढत्या तीव्रतेच्या पायऱ्या. क्रिटिकल पॉइंट ड्रायर (नमुना न आक्रसता वाळवणारं यंत्र) आमच्याकडे नाही, म्हणून हवेतच वाळवते. बहुतेक इथेच घोळ होतोय, त्यात मुंबईचा पावसाळा.

ड्रायरऐवजी एचएमडीएस (हेक्झामेथिलडायसिलाझेन, लवकर उडून जाणारा द्रव) वापरून कुणी असे कृमी वाळवलेत का? किती वेळ ठेवलं? चिकट थर काढायला आणखी धुवावं की त्याने पृष्ठभागच खरवडला जाईल? अळी आखडू नये म्हणून फिक्सेटिव्ह गरम करून ओतावं का?

पुढच्या आठवड्यात पुन्हा नमुने न्यायचेत, हातात सहाच अळ्या उरल्यात. अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा.