अनुभव धागा: पोराच्या तोंडून शिवी गेली, पंचांनी काय केलं?

परवा कुडाळला १४ वर्षांखालच्या शालेय कबड्डीत पंच होतो. चढाईवाल्याचा हात मधल्या रेषेपासून एक वीत राहिला, वर तिघे पडले आणि खालून आवाज आला, "आवशीचो घोव!" (म्हणजे आईचा नवरा.) माझ्या जोडीचे पंच घाटावरून बदलून आलेले गुरुजी. त्यांनी ताडकन हिरवं कार्ड काढलं. पोरगा बावचळला. काय चुकलं तेच त्याला कळेना. बाहेरून आई म्हणाली, "ह्यां तो ठेच लागली तरी म्हणता, सर!"

हिरवं कार्ड म्हणजे ताकीदच, पण पुढचं पिवळं, म्हणजे दोन मिनिटं बाहेर आणि संघाचे सहाच गडी. मी असतो तर शिट्टीही वाजवली नसती. तुम्ही काय करता? पंच, खेळाडू, पालक, सगळ्यांनी लिहा.

दापोलीचा अंपायर
क्रिकेटमध्ये २०१७ पासून नियम ४२ आहे. अर्वाच्य बोलल्यास पहिल्यांदा ताकीद, पुन्हा घडलं तर समोरच्या संघाला ५ धावा. आमच्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत मी तोच लावतो. शिवी देणाऱ्याशी वाद घालत बसत नाही, कर्णधाराला बोलावून सांगतो. एकदा एक संघ ३ धावांनी हरला आणि दंडाच्या ५ धावा त्यातच होत्या. त्या पोराला मी एक शब्द बोललो नाही. टेम्पोत बसेपर्यंत त्याच्याच दहा जणांनी त्याची जी काढली, ती ऐकून मलाच दया आली. (त्यातले निम्मे शब्द ५ धावांचेच होते.)

गुहागर, आता डोंबिवली
मी शिवी खाल्लेला. सोळा वर्षांचा होतो, कबड्डीत बोनस गुण दिला नाही म्हणून पुटपुटलो. पंच अंगावर आले आणि आईवरून बोलले, पूर्ण मैदानासमोर. मग मलाच बाहेर काढलं. पुटपुटलो ही चूक होतीच. पण वीस वर्षं झाली, बाद झाल्याचं काही वाटत नाही, आई तिथे गाड्यापाशी भजी घेत उभी होती ते आठवतं.

मुलीची आई, रत्नागिरी
मुलगे बोलले की "वय आहे", मुलगी बोलली की "शोभतं का?" माझ्या लेकीला कार्ड मिळालं याची तक्रार नाही. आदल्या सामन्यात तोच शब्द तीनदा ऐकून पंच हसत होते, त्याची आहे.

फुटबॉलवाला, सावंतवाडी
आमच्याकडे पुस्तकात फरक स्पष्ट आहे. निर्णयावर कुरकूर केली तर पिवळं, अपमानकारक किंवा शिवराळ बोललास तर थेट लाल. पण कोणाला बोलला हे बघावंच लागतं. जवळ जाऊन हळूच विचारतो, "कोणाक म्हणालंस?" नव्वद टक्के पोरं म्हणतात, "बॉलाक." मग मी म्हणतो, "बॉल माझ्याकडे तक्रार घेऊन इलोहा." पोरगा हसतो, खेळ सुरू.

एक गोष्ट मात्र विचारत नाही. जातीवरून कोणी बोललं की लाल. तिथे "आमच्याकडे असंच बोलतात" चालत नाही. गेल्या मोसमात एका प्रशिक्षकाने मला हेच समजावायचा प्रयत्न केला. ज्याला बोललं होतं तो मुलगा मागेच बुटाची नाडी बांधत होता, बराच वेळ.

धागाकर्ता
हे शेवटचं वाचून गप्प झालो. माझी शिट्टी कधीकधी तिथेही वाजली नव्हती.

उद्या उपांत्य सामने, जोडीला तेच गुरुजी. सकाळी चहाला बोलावलंय. ते मला त्यांचं ऐकवतील, मी त्यांना "मेल्या" कधी लाडाचा आणि कधी नाही ते सांगणार आहे. दोन चहा लागतील.