नर्सिंगचं पहिलं वर्ष: वॉर्डात पाय ठेवण्याआधी तुम्हाला कुणी काय सांगायला हवं होतं?

भाचीचा बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागला. परवा फोनवर तिनं विचारलं, "मावशी, सोबत काय काय नेऊ?" मी १४ वर्षं आयसीयूत काम करतेय, तरी उत्तर देताना अडखळले. बादली, चादरी, पांढरे बूट ही यादी कॉलेज देतंच. मला तिला वेगळं काही सांगायचं होतं. पहिल्या दिवशी अनोळखी माणसाच्या अंगाला हात लावताना माझे हात गार पडले होते. सगळ्यांचेच पडतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढचे सहा महिने मला वाटत राहिलं की आपण चुकीच्या जागी आलोय.

म्हणून हा धागा काढतेय. एएनएम असो, जीएनएम असो (हे पदवीपेक्षा छोटे नर्सिंगचे कोर्स), बी.एस्सी. असो, पहिल्या वर्षाचं जसं घडलं तसं लिहा. रुग्णाचं, कॉलेजचं, दवाखान्याचं नाव नको. सुरुवात मीच करते, आणि जे आजवर फार थोड्यांना सांगितलंय त्यानंच करते.

पहिली पोस्टिंग, फीमेल मेडिकल वॉर्ड. मॅडमनी दहा पेशंटचं बीपी घ्यायला सांगितलं. डेमो रूममध्ये मैत्रिणीचं बीपी छान ऐकू यायचं. इथे पंखा, नातेवाईक, ट्रॉलीचा खडखडाट. तिसऱ्या बेडवरच्या आजींच्या हाताला कफ बांधला, फुगवला, सोडला, काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा केलं, तरी नाही. आजी म्हणाल्या, "बाय, हात दुखतोय." मला लाज वाटली आणि मी कागदावर लिहून टाकलं, १२०/८०.

इन्चार्ज सिस्टरांनी चार्ट पाहिला. इतका साचेबंद आकडा दिसला की अनुभवी माणसाला कळतं. त्यांनी स्वतः जाऊन घेतलं, १७०/१००. मला वाटलं आता सगळ्यांसमोर ओरडा बसणार. त्यांनी मला औषधांच्या कपाटामागे नेलं आणि माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप हातात घेतला. म्हणाल्या, "कानातली टोकं पुढच्या बाजूला झुकलेली हवीत. तू उलटा घालतेस." मग कोपराच्या आतल्या बाजूला धमनी बोटानं आधी चाचपायला लावली आणि त्याच जागेवर डायफ्राम, म्हणजे स्टेथोस्कोपची चपटी चकती, ठेवायला सांगितला. त्यानंतर एवढंच म्हणाल्या, "ऐकू आलं नाही तर 'आलं नाही' म्हणून सांग. मी दहा वेळा येईन. पण आकडा मनानं लिहू नकोस, त्या आकड्यावर डॉक्टर गोळी ठरवतात."

त्या दिवशी आजींची गोळी बदलली. बदलली नसती तर काय झालं असतं, हा विचार आजही मनात येतो.

ब्रह्मपुरीकडची, जीएनएम झालेली

माझी बारावी कला शाखेतून, मराठी माध्यमात. जीएनएमला कुठल्याही शाखेतून येता येतं, पण पुस्तकं इंग्रजीतच असतात. पहिल्या आठवड्यात अ‍ॅनाटॉमीच्या तासाला मी अक्षरशः चित्रं पाहत बसायची. मॅडम केरळच्या, त्यांना मराठी कमी. रात्री होस्टेलच्या गच्चीवर जाऊन रडायची आणि घरी फोनवर "मजेत आहे" सांगायची.

एका सीनियर ताईनं मार्ग दाखवला. म्हणाली, पूर्ण शब्द पाठ करू नको, तुकडे पाठ कर. शेवटी 'आयटिस' आलं की सूज. 'एक्टमी' म्हणजे कापून काढणं. 'हेपॅटो' यकृत, 'नेफ्रो' मूत्रपिंड. 'टॅकी' जलद, 'ब्रॅडी' मंद. दोनशे पानी वही घेतली, पानाला तीन रकाने पाडले: शब्द, मराठीत अर्थ आणि तो कुठल्या पेशंटच्या केसपेपरवर पाहिला. तिसऱ्या रकान्यानं मला पास केलं. 'असायटिस' शब्दापुढे "बेड १४, पोट फुगलेले काका" लिहिलं होतं, तो जन्मात विसरणार नाही. (आणि हो, असायटिस म्हणजे पोटात पाणी साठणं. शेवट 'आयटिस'सारखा ऐकू येतो, पण सूज नाही. असे फसवणारे शब्दही वहीत वेगळे लिहा.)

केसपेपरवरची छोटी अक्षरं मात्र पहिल्याच आठवड्यात पाठ करा. बीडी (दिवसातून दोनदा), टीडीएस (तीनदा), एसओएस (गरज पडली तर), स्टॅट (ताबडतोब). आणि सगळ्यात आधी एनबीएम, म्हणजे तोंडानं काहीही द्यायचं नाही. ऑपरेशनला जाणाऱ्या एका बाईनं माझ्याकडे घोटभर चहा मागितला होता आणि मी कप उचललाही होता. शेजारच्या बेडवरची बाई म्हणाली, "पोरी, तिला उपाशी ठेवलंय ना?" भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, हे मला नंतर वर्गात कळलं.

मराठी माध्यमाच्या मुलींना एक गोष्ट कळकळीनं सांगते. त्याच मॅडम एकदा एका म्हाताऱ्या बाईची हिस्ट्री घेत होत्या. बाई सारखी म्हणायची, "अंगावरून जाते जी." मॅडमना उमगेना. मी पुढे होऊन सांगितलं, ती रक्तस्रावाबद्दल बोलतेय, आणि किती महिन्यांपासून तेही विचारून घेतलं. पाळी जाऊन बारा वर्षं झालेली बाई. त्याच दिवशी तिला स्त्रीरोग विभागाकडे पाठवलं. कळ, चमक, भोवळ, जीव घाबरा होणं, हे सगळे शब्द आपल्याला येतात. पेशंट इंग्रजीत आजारी पडत नाही.

बीड जिल्हा, सध्या दुसरं वर्ष

मुलांसाठी लिहितो. गावात सांगितलं तेव्हा चुलते म्हणाले, "बायकांचं काम शिकायला चालला?" आमच्या वर्गात मुलं मोजकीच. वॉर्डात पहिल्या दिवशी मला सगळ्यांनी डॉक्टर समजून नमस्कार केला आणि 'मी नर्सिंगचा विद्यार्थी' म्हटल्यावर दोघांनी तोंड फिरवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मेल सर्जिकलला एक शेतकरी बाबा होते, लघवीची नळी लावलेले. सिस्टर स्वच्छता करायला गेल्या की चादर घट्ट धरायचे, तीन दिवस नीट करू दिली नव्हती. मी पडदा ओढला, आधी काय करणार ते सांगितलं, लागेल तेवढाच भाग उघडा ठेवला. बाबा म्हणाले, "ब्रदर, तू आलास ते बरं झालं." 'ब्रदर' म्हणून कुणी हाक मारलेली ती पहिली. बायकांच्या वॉर्डात मात्र सोबत सिस्टर किंवा वर्गातली मुलगी असल्याशिवाय मी कुठलीही प्रोसिजर करत नाही. पेशंटला विचारायचं, तिनं नको म्हटलं तर राग मानायचा नाही.

एका विद्यार्थिनीचे वडील, सातारा

मुलगी लाजते म्हणून मी लिहितो. कागदपत्रांत आमचा फार वेळ गेला. सीईटीचा अभ्यास चालू असतानाच डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर आणि जातवैधतेच्या मागे लागा. वैधता ऐनवेळी मिळत नाही. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे, पण प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर मिळत नाही. होस्टेल, मेस, गणवेश यांचा खर्च वेगळा, तो धरून चाला.

नाव नको, जिल्हाही नको

वरच्या काकांच्या लिहिण्याला जोडून. आम्ही इमारत बघून प्रवेश घेतला. चकचकीत लॅब, पुतळे, सगळं होतं. दवाखाना मात्र कागदावरच. क्लिनिकलला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाला, रोज दीड तास बसनं दुसऱ्या गावी जायचो, आणि तिथे स्टाफ कमी म्हणून आम्हालाच ड्युटीला लावायचे. शिकवायला ट्यूटर सोबत नसायच्या. पहिल्या वर्षाची मुलगी एकटी वीस पेशंट बघतेय, हे शिक्षण नाही, आणि पेशंटच्या जिवाशीही खेळ आहे. एका मैत्रिणीनं सोडायचं ठरवलं तर मूळ कागदपत्रं द्यायला महिनोन् महिने लावले.

प्रवेश घेण्याआधी स्वतः जाऊन विचारा: क्लिनिकल कुठल्या रुग्णालयात? बी.एस्सी.च्या कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय असावं असा भारतीय परिचर्या परिषदेचा नियम आहे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, तेही पाहा. आणि तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गेटबाहेर चहावर गाठून विचारा. त्या खरं सांगतात.

निवृत्त, सोलापूर

मुलींनो, मी १९८३ साली ट्रेनिंगला गेले. तेव्हा काचेच्या सिरिंजा असत. रात्रपाळीला त्या आणि सुया उकळून ठेवायच्या, सुईचं टोक बोथट झालं का ते कापसावरून ओढून बघायचं. हातमोजे धुऊन, वाळवून, पावडर लावून पुन्हा वापरायचे. आता सुई हब कटरमध्ये (सुई कापणाऱ्या डब्यात), मोजे लाल पिशवीत, मळलेलं ड्रेसिंग पिवळीत. नात परवा हे रंग पाठ करत होती तेव्हा ऐकलं आणि बरं वाटलं. आमच्यातल्या कितीजणींना सुया टोचल्या, मोजदाद नाही. तुम्हाला हेपॅटायटिस बीची लस मिळते. शून्य, एक आणि सहा महिने, असे तीन डोस. कॉलेजनं नाही विचारलं तरी वॉर्डात जाण्याआधी सुरू करा आणि तिसरा चुकवू नका.

नर्सिंगच्या इतिहासाच्या पुस्तकात १८९१ साली प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव एका ओळीत येतं. परीक्षेला एक मार्काचा प्रश्न म्हणून आपण ते पाठ करतो. त्या काळात एका बाईनं परक्या माणसांची शुश्रूषा शिकायला घराबाहेर पडणं म्हणजे काय असेल, याचा कधीतरी शांतपणे विचार करा. माझे वडील १९८३ सालीसुद्धा तीन महिने माझ्याशी बोलले नव्हते. दीपप्रज्वलनाच्या कार्यक्रमाला आले, मागच्या रांगेत उभे राहिले. मेणबत्ती हातात घेऊन मी शपथ म्हणत होते आणि ते टोपीनं डोळे पुसत होते.

कोकणातली, पहिलं वर्ष, दुसरं सेमिस्टर

ताज्या ताज्या गोष्टी सांगते, पटापट. सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या, मोबाइल वॉर्डात चालत नाही. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, दुपारी पाय सुजतात. नाश्ता केल्याशिवाय वॉर्डात जाऊ नका. माझ्या बॅचच्या दोघी पहिलं ड्रेसिंग बघताना चक्कर येऊन बसल्या, दोघीही उपाशी होत्या. श्वास मोजतोय हे पेशंटला सांगायचं नाही, नाही तर तो वेगळाच श्वास घेतो. नाडी मोजून झाली तरी मनगटावर बोटं तशीच ठेवून छातीकडे बघायचं. प्रोसिजर बुकवर (केलेल्या कामांच्या नोंदवहीवर) सही त्याच दिवशी घ्या. वॉर्डातल्या मदतनीस मावशी-मामांशी नीट बोला, बेडपॅन कसं सरकवायचं ते मला मावशींनी शिकवलं.

पहिल्या सेमिस्टरला फिजिऑलॉजीत मी नापास झाले. घरी सांगायला चार दिवस लागले. बाबा म्हणाले, "आंब्याला पण एखादं वर्ष मोहर येत नाही." आता पुन्हा बसतेय.

नागपूर, १० वर्षं नोकरी

मृत्यूबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

पहिल्या वर्षाच्या शेवटी एक काका होते. रोज सकाळी मी त्यांना स्पंज द्यायची, म्हणजे बेडवरच अंग पुसून द्यायची. पाठीला पावडर लावताना ते त्यांच्या संत्र्याच्या बागेचं सांगायचे, यंदा अंबिया बहर कसा धरलाय वगैरे. एका सकाळी गेले तर बेडभोवती पडदा. सिस्टर म्हणाल्या, "येतेस का सोबत? नाही आलीस तरी चालेल." मी गेले. त्यांनी काकांचे डोळे मिटले, नळ्या काढल्या, कोमट पाण्यानं अंग पुसलं. आणि प्रत्येक वेळी त्या काकांशी बोलत होत्या, "काका, आता कुशीवर वळवते हं." मी विचारलं, ते तर ऐकत नाहीत ना? सिस्टर म्हणाल्या, "काल ऐकत होते ना. आपला हात कालच्यासारखाच लागला पाहिजे."

मी पाठ पुसली. रोजच्या सवयीनं पावडरीचा डबा उचलला, मग खाली ठेवला. सिस्टरांनी तो पुन्हा माझ्या हातात दिला.

संध्याकाळी मी जेवले नाही. रूममेटनं काही न विचारता ताट झाकून ठेवलं. अशी एक तरी मैत्रीण पहिल्या वर्षी जोडा.

धागा काढणारी मावशी

सगळं भाचीला वाचून दाखवलं. नागपूरच्या ताईंचं मी आधी गाळणार होते, पण तिनंच मोबाइल हातातून घेऊन वाचलं आणि बराच वेळ गप्प बसली.

कॉलेज सोमवारी सुरू होतंय. लसीचा पहिला डोस झाला, घड्याळ कालच आणलं. रात्री आजीला पलंगावर बसवून तिनं नाडी मोजली. पहिल्यांदा ६८ आली, दुसऱ्यांदा ८०, कारण मध्येच आजी शेजारच्या लग्नाचं सांगायला लागली. मी म्हटलं, किती लिहिलंस? तिनं नवी वही पुढे केली. तारीख, वेळ, आजीचं नाव, आणि आकड्याच्या जागी: "नीट मोजता आली नाही. सकाळी पुन्हा."