मदत हवी आहे: समांतर रेषांची कसोटी त्रिकोणाच्या 180 अंशांशिवाय सिद्ध होते का?

मुलगी नववीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. सुरुवातीला गुणधर्म आणि कसोटी यांत तिचा घोळ व्हायचा. रेषा समांतर दिल्या असतील तर व्युत्क्रम कोन (दोन्ही रेषांना छेदणाऱ्या छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे आतले कोन) समान, हा गुणधर्म. कोन समान दिले असतील तर रेषा समांतर, ही कसोटी. दर वेळी आधी पक्ष (काय दिलंय) आणि साध्य (काय सिद्ध करायचंय) लिहायला लावलं, तेव्हा कुठे तो मिटला.

आता मात्र मीच अडकले आहे. आंतरकोन कसोटीची सिद्धता अप्रत्यक्ष आहे. छेदिका दोन रेषांना प आणि फ मध्ये छेदते, तिच्या एका बाजूच्या आंतरकोनांची (रेषांच्या मधल्या कोनांची) बेरीज 180. रेषा समांतर नाहीत असं मानलं तर त्या ट मध्ये मिळतील. मग त्रिकोण पफट मध्ये दोन कोनांतच 180 संपले, तिसऱ्याला काही उरलंच नाही. विसंगती.

पण त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 हे तरी आपण शिरोबिंदूतून समांतर रेषा काढूनच सिद्ध करतो ना? ती म्हणाली, "आई, मग आधी काय?" मी वेळ मारून नेली, पण ते मनाला लागून राहिलं आहे. तिला समजेल असं कोणी सांगेल का?

प्रतिसाद १

शंका फार चांगली आहे, तिला शाबासकी द्या. तर्क चक्राकार नाही. 180 साठी गुणधर्म लागतो, कसोटी नाही. आणि बिंदूतून एकच समांतर रेषा जाते हे आपण गृहीतच धरतो. पण कसोटीला 180 ची गरजही नाही. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने व्युत्क्रम कोनांची कसोटी 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकाच्या 27व्या विधानात पाचव्या, म्हणजे समांतर रेषांबद्दलच्या, गृहीतकाशिवाय सिद्ध केली. ते गृहीतक त्याने पहिल्यांदा वापरलं 29व्यात, गुणधर्मासाठी.

व्युत्क्रम कोन समान घ्या. रेषा ट मध्ये मिळाल्या तर त्यांतला प जवळचा कोन त्रिकोणाचा बाह्यकोन (बाजू वाढवल्यावर बाहेर होणारा) होतो आणि फ जवळचा दूरस्थ आंतरकोन (त्याला लागून नसलेला आतला कोन). बाह्यकोन मोठाच असतो, म्हणून विसंगती. मोठा का? पफ चा मध्य म घ्या, टम तेवढीच पुढे न पर्यंत वाढवा. त्रिकोण मफट आणि मपन बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने एकरूप. म्हणजे फ जवळचा कोन जसाच्या तसा प पाशी येतो, आणि तो बाह्यकोनाचा फक्त एक भाग असतो.

धागाकर्ती

मनापासून आभार! रात्री दोघींनी वहीत आकृती काढली, पटली. आता तिचा पुढचा प्रश्न: न बाह्यकोनाच्या आतच पडतो, हे आकृतीत दिसतं, पण सिद्ध कसं करायचं?