ओव्हन नसला तरी गंजात (पातेल्यात) होतो केक

घरी ओव्हन नाही म्हणून लेकीच्या वाढदिवसाला चॉकलेट केक जमणार नाही, असं ताई तुम्ही म्हणताय. जमतो हो! आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात आई चुलीवर जाड बुडाच्या गंजात वाळू तापवून त्यात केकचा डबा ठेवायची, झाकणावर निखारे. मी आता तेच गॅसवर करते, मंद आचेवर 45 मिनिटं.

2 वाट्या मैद्याला अर्धी वाटी कोको, वाटीभर दही, 1 छोटा चमचा खायचा सोडा. साखर, तेल, दूध नेहमीसारखं. दह्याच्या आंबटपणाने सोडा लगेच फसफसतो, म्हणून वाळू आधीच तापलेली हवी. मिश्रण तसंच ठेवून दिलं की केक बसलाच. पहिली 30 मिनिटं झाकण उघडू नका.

आईच्या केकच्या कडेला किंचित धुराचा वास असायचा. आम्ही भावंडं त्या कडेसाठीच भांडायचो.