इलेक्ट्रोडच्या तुकड्याची मूस बाहेरनं झिजतीय, भंगारवाल्यानं फसवलं का?

हुपरीचा_चांदीवाला
मंडळी, आर्क फर्नेसच्या (विजेच्या ठिणगीनं पोलाद वितळवायच्या भट्टीच्या) ग्रॅफाइट इलेक्ट्रोडचा तुकडा भंगारातनं आणला, उद्यमनगरात लेथवर पोकळ करून घेतला आणि चांदी वितळवायची मूस केली. पहिले पाच-सहा घाणे लई भारी, चांदी कुठं चिकटायची नाही, सगळी सरळ ओतली जायची. पण आता बोटाएवढी जाड भिंत पेन्सिलीएवढी राहिलीय, काठ तर ब्लेडसारखा झालाय. ग्रॅफाइट ३००० डिग्रीला टिकतं म्हणतात आणि चांदी तर ९६२ लाच वितळते, मग माझी मूस गेली कुठं? भट्टी गॅसची, ब्लोअर लावलेला.

लेथवाला_शिरोली
भंगारवाल्याला शिव्या देऊ नको भावा 😄 मूस ब्लोअरनं खाल्ली. ३००० चा आकडा खरा, पण भोवती हवा नसेल तेव्हाच. हवेत ग्रॅफाइट ५०० च्या आसपासच जळायला लागतं, शेवटी कार्बनच तो, शेगडीतल्या कोळशाचा भाऊबंद. आतली बाजू चांदीनं झाकलेली असती म्हणून वाचती. आणि ती मूस आता भरून चिमट्यात धरू नकोस, पायावर घेशील.

हुपरीचा_चांदीवाला
बरं. मग ज्यापासनं ग्रॅफाइट करतात तो पेट्रोलियम कोक (तेल रिफायनरीत उरणारा कोळसा) आणून घरीच नवीन करता येईल का?

फौंड्रीतला_म्हातारा
डोक्यातनं काढ बाळा. कोक दळून डांबराच्या पिचमध्ये मळतात, दाबून आकार देतात, मग हवा लागू न देता ८००-१००० ला कितीतरी दिवस भाजतात, आणि एवढं करून हातात येतो तो नुसता कडक कार्बन. त्याचं ग्रॅफाइट व्हायला त्यातनंच वीज सोडून २५०० च्या वर न्यावं लागतं. अमेरिकेत अ‍ॅचेसनला हे कार्बोरंडम (सिलिकॉन आणि कार्बनचं, घासायच्या दगडाचं संयुग) करताना सापडलं, जास्त तापलं तसं सिलिकॉन उडून गेलं आणि मागं ग्रॅफाइट राहिलं, पेटंट १८९६ चं. आमची इंडक्शन भट्टी बिडाला १५०० वर नेती तेवढ्यात लाइट बिल बघून घाम फुटतो.
गॅसवर क्ले-ग्रॅफाइटची (माती मिसळलेल्या ग्रॅफाइटची) मूस वापर, तिला वरनं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर असतो, हवा लवकर आत शिरत नाही. टाकणखार मात्र बेतानं टाक, तो ग्लेझ खातो. तुझ्यासारखी नुसती ग्रॅफाइटची मूस छोट्या इंडक्शन मशीनमध्ये सिरॅमिकच्या कपात बसवली की बरीच टिकती. पण त्यात पोलाद वितळवायला जाऊ नको, ते भिंतीतला कार्बन पिऊन टाकतं.

लेथवाला_शिरोली
आणि परत टर्निंगला टाकशील तर व्हॅक्युम लावायला सांग. आमच्यात ती काळी पूड पॅनेलमध्ये शिरली, वीज वाहती ना ती, मोटर चालवणारा ड्राइव्हच उडाला.

हुपरीचा_चांदीवाला
काका, क्ले-ग्रॅफाइटची आणतो उद्या. पहिल्यांदा कोरडीच तापवायची ना?

फौंड्रीतला_म्हातारा
होय, रिकामी, हळूहळू. ओल राहिली तर तडकती.